मस्टरवरचं नाव

"कम्प्लायन्स" हा शब्द माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. पुण्याचा माझा भाचा एका कंपनीत एच.आर.मध्ये आहे, हे घरच्या मंडळींना माहीतच आहे. २०२५च्या डिसेंबरात त्याचा फोन आला तेव्हा आवाज अगदी दमलेला. काय रे, बरं नाही का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "तसं नाही गं मावशी, नवे लेबर कोड लागू झालेत ना, कम्प्लायन्सचं काम चाललंय. रात्रीचे दहा वाजतात."

आता जन्मभर मराठी शिकवलेलं. शब्द कानावर पडला की त्याला मराठी काय, हा किडा डोक्यात वळवळायला लागतो. मी म्हटलं, 'अनुपालन' म्हणता येईल. तो हसला. "हे जीआरमध्ये शोभतं, मावशी." मग म्हटलं सरळ 'कायदा पाळणं' म्हण की. त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "तेवढंच नाही. पाळला हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. त्याला कम्प्लायन्स म्हणतात."

पोरगा हुशार आहे. त्याने एका वाक्यात जे सांगितलं ते मला पालघरात बसून समजायला पंचवीस-तीस वर्षं लागली होती. फक्त मी ते उलट्या बाजूने शिकले होते. कारखान्याच्या फाटकाच्या बाहेरून.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पालघरहून डहाणूकडे निघालं की मधलं उमरोळी सोडून पुढचं स्टेशन बोईसर. १९६९ साली तारापूरची अणुभट्टी सुरू झाली आणि या नावाला देशभर ओळख मिळाली. मग तारापूर एमआयडीसी आली. नाव तारापूरचं, पण कारखाने बोईसरला चिकटून. औषधं, रंग, रसायनं, पोलाद, कापड. माझ्या शाळेतली जी मुलं दहावीच्या अलीकडे किंवा पलीकडे थांबली, त्यातली कितीतरी "कंपनीत लागली". हा इथला शब्द. कुठल्या कंपनीत, असं विचारलं तर मात्र उत्तर जरा घोटाळ्याचं येतं. "बाई, काम अमक्या कंपनीत, पण मी ठेकेदाराकडे आहे." म्हणजे फाटक एकाचं, पगार दुसऱ्याचा, आणि हुकूम देणारा तिसराच कुणीतरी.

मी कायद्याची माणूस नव्हे. बी.ए. मराठी, आणि शाळेत मराठी-इतिहास. पण अर्ज लिहून देणं हे गावातल्या बाईंचं न लिहिलेलं काम असतं. रेशनकार्डापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना अर्ज लिहिले. त्यातूनच १९४८चा कारखाने कायदा मराठीत मिळवला आणि रात्री बसून वाचला. खोटं नाही सांगत, मला तो आवडला. काही कलमं तर इतकी बारीक नजरेने लिहिलेली आहेत की लिहिणाऱ्याने कारखान्यात उभं राहून पाहिलं असणार.

उदाहरणार्थ ३६वं कलम. टाकी, खड्डा, मोठा पाइप अशा बंद जागेत माणूस उतरवायचा तर काय करायचं? जाणकार माणसाने स्वतः तपासून, आत विषारी वायू नाही असं लेखी द्यायचं. नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वासाचं उपकरण हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. वाचताना अंगावर काटा आला होता. कायदा म्हणजे नुसतं "काळजी घ्यावी" असं म्हणून मोकळा होणारा कागद नव्हता. दोर कुणी धरायचा इथपर्यंत सांगत होता.

माझा एक विद्यार्थी आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "बाई, आमच्याकडे त्याला परमिट म्हणतात. परमिटचं पुस्तक असतं. पण टाकी धुवायची असते रात्री, ठेकेदाराची माणसं येतात रात्री, आणि सही करणारा साहेब घरी जातो सहाला. मग तो जायच्या आधीच सही करून ठेवतो." म्हणजे रात्री अकराला टाकीत वायू नाही, हे संध्याकाळी सहालाच ठरलेलं! या मुलाने एकदा अशा कागदावर काम सुरू करायला नकार दिला. माणसं बाहेर बसवून ठेवली, सकाळी शिव्या खाल्ल्या. शाळेत तो फार काही चमकला नव्हता. पण हे त्याने केलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरं मला आवडलेलं कलम १०८वं. कारखान्यात ज्या सूचना लावायच्या त्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या, असं त्यात होतं. भाषेच्या शिक्षिकेला याहून काय हवं? पण मग विचार करा. तारापूरच्या एखाद्या प्लँटमध्ये बिहारची मुलं, उत्तर प्रदेशची, ओडिशाची, आणि आमच्या पाड्यांवरची वारली मुलं. बहुसंख्यांची भाषा कुठली? हिंदी, असं गृहीत धरून पाटी लागते. वारली मुलाला हिंदी बोलता येते, पण 'ज्वलनशील' आणि 'संक्षारक' हे त्याच्यासाठी इंग्रजीच. (मराठीतही हेच शब्द असतात, ते सोडा. 'अंगावर पडलं तर कातडी जाळतं' असं लिहायला आपल्याला कमीपणा का वाटतो कोण जाणे.) भोपाळनंतर १९८७ साली याच कायद्यात नवी कलमं घातली गेली, की धोक्याच्या कामात कशाने काय होतं ही माहिती मालकाने कामगाराला द्यायचीच, आणि कामगाराला ती मागण्याचा हक्क आहे. हजारो माणसं गेल्यावर आलेली कलमं ती. पाटीवर चिकटवायला तरी सोप्या शब्दांत हवीत.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. हे सगळे हक्क कुणाला? कामगाराला. आणि कामगार कोण? ज्याचं नाव मस्टरवर आहे तो!

शाळेत आमचंही मस्टर असायचं. हेडमास्तरांच्या टेबलावर. दोन मिनिटं उशीर झाला तर लाल शाई. मुलांचा कॅटलॉग वेगळा. सहलीला गेलो की बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, जेवणानंतर पुन्हा मोजायचं. पन्नास मुलांची जबाबदारी अंगावर असणं म्हणजे काय, तर पन्नास नावं पाठ असणं. कारखान्यातही तेच असायला हवं. ११ जानेवारी २०२०, शनिवारी संध्याकाळी तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला, त्याचा आवाज कित्येक किलोमीटर गेला. आठ माणसं गेली. त्याआधी मार्च २०१८मध्ये स्फोटात तीन गेली होती. ऑगस्ट २०२५मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार. अशा रात्री इथल्या घराघरांतून फोन सुरू होतात. "तुमचा कुठल्या शिफ्टला?" आत कितीजण होते आणि कोण कोण, हे त्या क्षणी सांगणारा एकच कागद असू शकतो. तो मस्टरचा. त्यात नसलेला माणूस बाहेर काढायचा राहिला, तरी कागदाच्या हिशेबाने सगळे सापडलेले असतात.

२०१२ सालची गोष्ट. मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावरचा माझा एक विद्यार्थी, नववीतून शाळा सोडलेला, ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून कामाला होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. ड्रमचं झाकण उघडताना आतलं रसायन उसळलं आणि उजव्या डोळ्यात गेलं. बरोबरच्या मुलाने मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. पहिलं बिल ठेकेदाराने भरलं. "घरी आराम कर" म्हणाला. पंधरा-वीस दिवसांनी हा फाटकावर गेला तर वॉचमन म्हणतो, तुझं नाव नाही.

त्याची बायको माझ्याकडे आली. कडेला मुलगी, हातात कापडी पिशवी. पिशवीत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मुदत संपलेला एक लॅमिनेट केलेला गेटपास आणि एक खिशातली डायरी. बस. कामावर घेतल्याचं पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. पगार रोख, पाकिटात.

कंपनीचं म्हणणं, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचं म्हणणं, तो त्याच दिवशी पहिल्यांदा आला होता, आणि आपल्याच निष्काळजीपणाने...

यातलं प्रत्येक उत्तर कायद्याने आधीच ऐकून ठेवलेलं होतं, हे मला नंतर वकिलांनी दाखवलं. १९२३च्या भरपाई कायद्याचं १२वं कलम सांगत होतं की मालकाने आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी जखमी कामगाराची भरपाई मागायची ती मूळ मालकाकडे, जणू तो त्यानेच कामावर ठेवला आहे. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. १९४८चा राज्य विमा कायदाही वर्गणीच्या बाबतीत तसाच. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणीसुद्धा आधी मूळ मालकाने भरायची. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात तर असंही होतं की ठेकेदार पगार वाटेल तेव्हा मूळ मालकाचा माणूस तिथे हजर हवा. आणि पहिला दिवस? कामावर जखम व्हायला किती दिवस नोकरी झालेली असावी, अशी अटच नाही. पहिल्या दिवसाचा पहिला तास असला तरी चालतो.

म्हणजे कायद्यात भोक नव्हतं. भोक मस्टरमध्ये होतं.

त्या १९२३च्या कायद्याला जोडलेला एक तक्ता आहे. मी तो पाहिला आणि कितीतरी वेळ गप्प बसले. शरीराचा कुठला भाग गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याची यादी. अंगठा, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधलं बोट, १२. करंगळी किंवा अनामिका, ७. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली, तर ३०. आयुष्यभर गुणपत्रिका भरल्या, पण अशी नव्हती पाहिली. आमच्या मुलाला तीस टक्के लागू होत होते. त्या टक्क्यांना पुढे पगाराने आणि वयाच्या गुणकाने गुणायचं. पगार कुठला? जो कागदावर असेल तो. हातात मिळत होता तो सिद्ध करायचा कसा?

तिथे ती डायरी कामाला आली. ठेकेदार खाडे जास्त लावतो म्हणून हा पठ्ठ्या रोजची हजेरी स्वतः लिहीत होता. तारीख, शिफ्ट, 'ओटी ४', 'फूल नाइट', आणि महिनाअखेरीला मिळालेले पैसे. चौदा महिन्यांची. अक्षर नववीतलंच, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याच. वकिलांनी फाटकावरचं सिक्युरिटीचं रजिस्टर मागवून घेतलं. डायरीतल्या तारखा आणि फाटकावरच्या तारखा पुष्कळ ठिकाणी जुळल्या. त्यानंतर "पहिल्यांदा आला होता" हे वाक्य परत ऐकू आलं नाही. तरी अडीच वर्षं गेली, आणि शेवटी तडजोड झाली ती हिशेबाने जेवढी निघत होती त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्याने घेतली. मी घेऊ नको म्हणू शकले नाही. मुलीची शाळा होती, घरात तांदूळ हवा होता. आज तो मनोरला भाजी विकतो. उजव्या बाजूने कुणी आलं तर दचकतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मावशी, सगळेच मालक असे नसतात. खरं आहे. दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन असतो, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात कामगारांच्या बायकामुलांनाही बोलावतात, कुठला भोंगा वाजला की कुठल्या दिशेने पळायचं ते दाखवतात. तिथला मालक स्वतः उन्हात उभा असतो. आणि लहान मालकाचीही ओढाताण मी पाहिली आहे. चाळीस रजिस्टरं ठेवायची, कारकून एक, आणि तपासणीला कोण कधी येईल नेम नाही. ठेकेदार त्याला स्वस्त पडतो तो पैशाने कमी आणि डोकेदुखीने जास्त. पण डोकेदुखी जाते कुठे? ती त्या पाड्यावरच्या घरात जाते.

इतिहास शिकवायची सवय, म्हणून एक गंमत सांगते. पहिला कारखाने कायदा १८८१ सालचा. तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता, आणि त्यात सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायला मुभा होती. सात! दुसरीतलं मूल. मग १८९१मध्ये शंभराचे पन्नास झाले, १९२२मध्ये वीस, आणि १९४८मध्ये वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी दहा. या आकड्यांना खाली ओढत आणणारी माणसं होती. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १८९०मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आठवड्याचे ४८ तास ठरवणारी दुरुस्ती मांडली गेली, ती १९४६ची. आपण रविवारी सकाळी पोहे खातो ते काही कुणाच्या मेहेरबानीने नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले. त्यात तो आकडा दहावरून पुन्हा वीस झाला आहे. कंत्राटी कामगारांसाठी १९७०च्या कायद्यात वीस होता, तो पन्नास झाला. (धोक्याच्या कामाला एक माणूस असला तरी सरकारला कायदा लावता येतो, अशी सोय ठेवली आहे.) मला हे वर जाणं पसंत नाही. एकोणीस माणसांच्या कारखान्यातही ड्रमचं झाकण तसंच उसळतं. पण याच संहितांमध्ये एक गोष्ट आली आहे, ती मी कधीपासून मागत होते. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. प्रत्येक. २०१२मध्ये हे एक पान त्या पिशवीत असतं तर अडीच वर्षं वाचली असती.

आणि ते पान मी आता पाहिलंय. तेव्हा आईच्या कडेवर होती ती मुलगी बारावी झाली, बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला लागली. ठेकेदारामार्फतच. तिला पत्र मिळालं, ते घेऊन ती गेल्या रविवारी माझ्याकडे आली. "बाई, बाबा म्हणाले आधी तुम्हाला दाखव, मग सही कर." दोन पानं, सगळं इंग्रजी. आम्ही ओळ न ओळ वाचली आणि तिने वहीत मराठीत उतरवून घेतली. हुद्दा हेल्पर. पगार आकड्यात आणि अक्षरात. ओव्हरटाइम दुप्पट दराने. मुदत अकरा महिने. मी विचारलं, बायकांच्या तक्रारींसाठी समिती असते, दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३च्या कायद्याने ती हवीच, तिचा कागद कुठे लावलाय का? म्हणाली, पाण्याच्या कूलरच्या मागे काहीतरी इंग्रजीत लावलंय, त्यात चार नावं आहेत, त्यातल्या एक मॅडम नोकरी सोडून गेल्या.

मग ती कामाच्या जागेच्या ओळीवर बोट ठेवून थांबली. तिथे कंपनीचं नावच नाही. 'जिथे सांगण्यात येईल तिथे' एवढंच आहे.

"बाई, इथे नाव घालून द्या म्हटलं तर काढून टाकतील का?"

मी म्हटलं, मागायचा हक्क तुझा आहे, पण काढणार नाहीत असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. ती जरा वेळ विचार करत बसली. मग पत्राची घडी घालून वहीत ठेवली. सोमवारी दुसरी शिफ्ट आहे, ठेकेदाराचा माणूस चारला येतो, तेव्हा विचारते म्हणाली. पत्राची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून गेली आहे.